पौर्णिमाच्या माशांचा फिल्टर

डिस्कस हा मासा नाही, जावई आहे. पाणी त्याला गरम लागतं, पण रोज ताजं. वाहतं लागतं, पण अंगाला धक्का लागलेला खपत नाही. दिवसातून चार वेळा खायला लागतं, आणि समोरून कोणी जरा जोरात गेलं की साहेब रुसून कोपऱ्यात. आमच्या अकोल्याच्या बोअरच्या खारट पाण्यात डाळ शिजत नाही, तिथे हा काय जगणार.

माझी बायको पौर्णिमा हिने असे सहा जावई अमरावतीत भाड्याच्या खोलीत पाळले होते. ती चांदूर बाजारजवळच्या जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका, मी बार्शीटाकळीजवळच्या शाळेत शिक्षक. लग्नाला नऊ वर्षं झाली. ही नऊ वर्षं ती अमरावतीत आणि मी अकोल्यात, आईजवळ. शनिवारची सकाळची शाळा सुटली की मी एसटी धरायचो, रविवारी संध्याकाळी परत. दिवाळीत, उन्हाळ्यात ती यायची. सरकारी कागदावर आमच्यासारख्यांसाठी 'पती-पत्नी एकत्रीकरण' असा झकास शब्द आहे. त्या शब्दाखाली आम्ही दर वर्षी अर्ज केला आणि दर वर्षी यादीत भलत्यांचीच नावं वाचली. मूल एकत्र राहायला लागल्यावर, असं ठरलं होतं. पुढे पुढे तो विषय दोघांनीही काढणं सोडलं. मग तिने मासे आणले.

यंदा यादीत तिचं नाव आलं. बदली अकोला जिल्ह्यात, दोन महिन्यांत रुजू व्हायचं. मी पेढे घेऊन अमरावतीला गेलो. पौर्णिमाने पेढा खाल्ला, माशांना खायला टाकलं आणि माझ्याकडे पाठ ठेवूनच म्हणाली, "मी मासे सोडून नाई येत. तुमी तिकडं टाकी लावा. झाडंवाली. टाकी तयार झाली की मी येतो."

आमच्याकडे बायकाही 'येतो'च म्हणतात. पुण्याचा माणूस हसतो, हसू दे. मला त्या शब्दाने रात्रभर झोप आली नाही.

मला ती घरात हवी होती. दुसरं काही नको होतं. संध्याकाळी शाळेतून आल्यावर तिची चप्पल दाराशी दिसावी, वर्गातल्या पोरांच्या तक्रारी तिने सांगाव्यात आणि मी अर्धवट ऐकाव्यात, एवढंच. शनिवार-रविवारचा संसार करून मी कंटाळून गेलो होतो. अर्धा रविवार तर परतीच्या बसच्या धास्तीतच जायचा. तेव्हा एक टाकी लावली की बायको घरी येणार, हा सौदा मला सोपा वाटला. मी मास्तर माणूस, एखादी गोष्ट शिकायची म्हटलं की शिकतो.

टाकी चार फुटी आणली. फिल्टरवर येऊन गाडी अडली.

अमरावतीत देवीदासचं माशांचं दुकान आहे. पौर्णिमा तिथूनच सगळं घ्यायची. मी जाऊन म्हटलं, चांगला फिल्टर द्या. त्याने टाकीच्या वर बसतो तो फिल्टर माझ्या हातात ठेवला. तो घरी लावला तर पाणी वरून धबधब्यासारखं पडायला लागलं. मी तिला फोनवर त्याचा व्हिडिओ दाखवला.

"हे काय लावलं? मासे हायेत का धुणं हाय?" पौर्णिमा म्हणाली. "आन् झाडाईले आपण जो गॅस देतो, तो सारा उडून जाईन असं पाणी आपटलं तर."

पुढच्या शनिवारी पुन्हा देवीदासकडे. या खेपेला त्याने टाकीखाली ठेवायची काचेची दुसरी टाकी दाखवली, जिच्यात पाणी उतरतं, गाळून पुन्हा वर चढतं. "सर, डिस्कस खाते लय आन् हागते लय. त्याले मोठाच फिल्टर पायजे," असं त्याचं म्हणणं. बरोबरच होतं. पण त्या प्रकाराचा खळखळ आवाज होतो, आणि टाकीशेजारच्या खोलीत आई झोपते. मी आठवडाभर व्हिडिओ पाहिले. एक बुवा सांगतो साधा स्पंज पुरे, दुसरा सांगतो स्पंजवाले अडाणी. मी रोज संध्याकाळी पौर्णिमाला फोन करायचो. पाण्याचा वेग किती ठेवू? नळी कुठून आत घेऊ? लाइट गेली तर? तीसुद्धा न कंटाळता सांगायची. नऊ वर्षांत आम्ही एकमेकांशी इतकं बोललो नव्हतो.

शेवटी कॅनिस्टर ठरला. झाकणबंद बादलीसारखा असतो, टाकीखालच्या कपाटात बसतो, आवाज करत नाही, आणि भोकं पाडलेल्या आडव्या नळीतून पाणी हळू सोडतो. आत झाडांची पानं जेमतेम हलतात. सोबत कोपऱ्यात एक साधा स्पंज, लाइट गेली तर इन्व्हर्टरवर चालेल असा. बोअरचं पाणी बाद, गाळणीयंत्राचं गोडं पाणी ड्रमात साठवून त्यात थोडं नळाचं. मी झाडं लावली, गॅस जोडला. आई टाकीसमोर खुर्ची घेऊन बसायला लागली. आत मासे नव्हते, तरी.

"आता मुख्य काम," पौर्णिमा म्हणाली. "फिल्टर म्हंजे चाळणी नसते. माशाईच्या घाणीतून जहर होते. ते खाणारे जिवाणू त्या स्पंजात घर करून रायतेत. नव्या फिल्टरात ते नसतेत. त्यायची वस्ती बसाले सहा हप्ते लागतेत."

सहा हप्ते ऐकून माझा चेहरा उतरला असावा. व्हिडिओ कॉल होता.

"माया फिल्टरातला अर्धा स्पंज देतो तुमाले," ती म्हणाली. "तो तुमच्या कॅनिस्टरात ठेवला की दहा-बारा दिवसात काम होईन. पण सुकवू नका आन् धुऊ नका. कितीबी घाण दिसो."

तारीख ठरली. महालक्ष्म्या बसतात त्या रविवारी ती मासे घेऊन येणार आणि सोमवारनंतर कायमची इथेच. आईला हे सांगितलं तेव्हा तिने देवघराकडे पाहून हात जोडले. ती म्हणाली, या साली दोन नाही, तीन लक्ष्म्या येऊन राहिल्या घरी.

पंधरा दिवस आधीच्या रविवारी मी अमरावतीहून अर्धा स्पंज आणला. तपकिरी, बुळबुळीत, नाल्यातून काढल्यासारखा. बरणीत माशांच्याच पाण्यात बुडवलेला. अडीच तास एसटीत मी ती बरणी मांडीवर घेऊन बसलो. शेजारच्या बाईने विचारलं, लोणचं हाये काय? मी हो म्हटलं. घरी आलो तर कॅनिस्टरची एक क्लिप तुटलेली निघाली. उद्या शाळेतून येताना आणू म्हणून बरणी मोरीशेजारी ठेवली आणि झोपलो.

आता आमच्याकडे महालक्ष्म्या म्हणजे काय ते सांगायला हवं. त्या यायच्या आधी घरातली प्रत्येक वस्तू धुतली जाते. प्रत्येक म्हणजे प्रत्येक. डबे, गाद्यांचे अभ्रे, पंख्याची पाती, वर्षभर न वापरलेली परात. एका साली आईने माझी छत्री धुतली होती.

सोमवारी संध्याकाळी क्लिप घेऊन घरी आलो. अंगणातल्या तारेवर, माझ्या दोन सदऱ्यांच्या मधे, चिमटा लावून तो स्पंज वाळत होता. पिवळाधमक. नव्यासारखा.

"सुनेनं पाठोला आन् तू मोरीत ठेवतं काय रे?" आई म्हणाली. "असा वास मारून राहिला होता! दोन डाव साबण लावला, मंग उकयत्या पाण्यात टाकला. पाह्य कसा निघाला."

माझ्या आईने, पार्वताबाईंनी, आयुष्यात जे जे मनापासून केलं, ते घासूनच केलं. सुनेची वस्तू म्हणून तिने त्याला इतरांपेक्षा एक वेळ जास्त साबण लावला होता. तिला सांगितलं असतं तर ती सणाच्या तोंडावर रडत बसली असती. मी स्पंज तारेवरून काढला आणि कॅनिस्टरमध्ये बसवला. उगीच.

रात्री पौर्णिमाचा फोन आला. "बसोला काय?"

"बसोला."

तेवढं एक खोटं बोललो, आणि मग रोजचीच सवय झाली. त्या धुतलेल्या स्पंजात काहीच उरलं नव्हतं. आता सहा आठवडे थांबणं भाग होतं. पण सहा आठवडे थांब म्हणायला माझी जीभ वळेना. नऊ वर्षं थांबलो होतो. मनात यायचं की ती आता थांबली तर थांबलीच. रुजू व्हायची मुदत निघून जाईल, ती बदली नाकारेल, आणि मी म्हातारा होईपर्यंत शनिवारची बस धरत राहीन. ती फोनवर विचारायची, चिमूटभर खाणं टाकून पाणी तपासता ना? मी म्हणायचो, तपासतो, औषधाचे थेंब टाकले की पिवळं येतं. पिवळं म्हणजे जहर नाही. रोज परीक्षानळीतलं पाणी हिरवं यायचं आणि मी पिवळं सांगायचो. पोरांना खोटं बोलू नये म्हणून उठाबशा काढायला लावणारा माणूस मी.

आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी मी पुन्हा पाणी तपासलं. गर्द हिरवं. पौर्णिमाने गाडी ठरवली होती, थर्मोकोलचे खोके आणले होते. एका माशाला ती 'मास्तर' म्हणायची, तो सगळ्यात रुसका म्हणून. तो दोन दिवसांत काळा पडून आडवा होईल, असं डोळ्यांपुढे आलं. ती माझ्या घरात पाऊल ठेवणार आणि पहिलं काम मेलेले मासे उचलायचं करणार. मी फोन लावला.

"मासे आणू नको," मी म्हटलं. "फिल्टर तयार नाई. आईनं स्पंज धुतला. बारा दिवस झाले. मी खोटं बोलून राहिलो होतो."

फोनवर मागे तिच्या टाकीचे बुडबुडे ऐकू येत होते.

"मंग सांगतलं काहून नाई?"

"सांगतलं असतं तं तू आली नसती."

"साबणानं धुतला आईनं?"

"दोन डाव. मंग उकयत्या पाण्यात."

ती हसली. मला वाटलं हसली; मग कळलं की रडतेय.

"खरं सांगू? हे आयकून मले आधी बरं वाटलं," ती म्हणाली. "वाटलं, चला, सहा हप्ते भेटले. नऊ वर्षं एकटी रायलो मी. एकटीनं खाल्लं, एकटीनं झोपलो. आता मले भेव वाटते तुमच्या घरी याचं. टाकीची अट मी त्याच्यासाठीच घातली. वाटलं होतं, तुमच्यानं काई होत नाई."

मी टाकीसमोरच उभा होतो. आत झाडं छान फुटली होती. त्यांच्याकडे बघवेना.

"मले मासे नाई पायजे," मी म्हटलं. "फिल्टर बी नाई पायजे. मले तू पायजे. मी इतके दिवस फोनवर कॅनिस्टर, स्पंज करत राह्यलो, कारण बाकी काई बोलता येत नोतं. तू ये. उद्या ये. मासे सहा हप्त्यांनी येतीन, नाई तं नाई येतीन. देवीदास सांभाळीन त्याईले."

"आपला ताप देवीदासले कायले," ती नाक ओढत म्हणाली. मग म्हणाली, "दरवेळी तुमच्या घरी मी बॅगतून साड्या काढतो आन् बॅगतच ठेवतो. नऊ वर्षं. तुमाले कधी दिसलं नाई. कपाटात मायासाठी एक कप्पा हाये काय?"

"हाये ना, असं काय बोलतं," म्हणत मी फोन कानाला धरूनच खोलीत गेलो आणि कपाट उघडलं. वरच्या कप्प्यात माझे सदरे. खालच्या कप्प्यात कॅनिस्टरचा रिकामा खोका, जास्तीच्या नळ्या, गॅसची जुनी बाटली. त्याच्या खाली झाडांचं खत, पाणी तपासायच्या बाटल्या, जाळ्या, माशांच्या खाण्याचे चार डबे. सगळ्यात खाली तो धबधब्यावाला फिल्टर, गुंडाळून नीट ठेवलेला. जिथे हात जाईल तिथे मासे, आणि मासे तर अजून आलेही नव्हते.

"हाये काय?" तिने पुन्हा विचारलं.

"नाई," मी म्हटलं, आणि खोका बाहेर ओढला. "करून राहिलो."