गुलाबी फीत

जर्दाळूच्या खोडाला गुलाबी फीत मीच बांधली होती. बाबांनी त्या एका झाडावर दोन जातींची कलमं केली होती. डावीकडच्या फांदीची जात कोणती, हे बाबा गेल्यावर कुणालाच सांगता आलं नाही. अ‍ॅडलेडमधल्या सगळ्या नर्सऱ्या मी पालथ्या घातल्या. आईला नेमकं त्याच फांदीचं फळ आवडायचं. ती आता एक्क्याण्णव वर्षांची आहे आणि वृद्धाश्रमात राहते. झाड असलेलं तिचं घर विकायला काढलेलं. नवा मालक यायच्या आत त्या फांदीचे डोळे, म्हणजे कलमासाठीचे कोंब, काढून माझ्या परसातल्या रोपावर भरायचे, असं मी ठरवलं होतं. त्यासाठी फेब्रुवारी, म्हणजे इथल्या उन्हाळ्याचा शेवट, योग्य.

बाग साफ करायचं काम रोवनकडे, माझ्या धाकट्या भावाकडे होतं. त्याने तोडलेला पालापाचोळा भरायला मोठी लोखंडी पेटी भाड्याने मागवली होती.

"जर्दाळूला तेवढा हात लावू नका. त्याला फीत बांधलीय," मी त्याला फोनवर बजावलं.

"बरं गं, ग्लेन. हवं तर टोपीही घाल त्याला."

वनसंशोधनात पस्तीस वर्षं मी अशाच फिती बांधल्या. फीत म्हणजे झाडावर प्रयोग चालू आहे, कुणी शिवायचं नाही. तिचा दुसरा काही अर्थ असू शकेल, हे माझ्या मनातही आलं नाही.

आज दुपारी दोन वाजता मी चाकू आणि ओलं गोणपाट घेऊन पोहोचले. पारा एक्केचाळीसवर होता. फाटकापाशी ट्रक उभा होता आणि ड्रायव्हर भरलेल्या पेटीला साखळ्या लावत होता. परसात जर्दाळूच्या जागी जमिनीलगत कापलेला बुंधा होता.

"रोवन, झाड कुठंय?"

"कुठलं?"

"फीत बांधलेलं."

त्याने बुंध्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "ग्लेन, मी बागेसाठी बोलावलेल्या माणसांना सांगितलं होतं, बहिणीने खूण केलीय, ती बघून घ्या. ते रस्त्याकडची झाडं तोडणारे. त्यांच्यात फीत म्हणजे..."

"म्हणजे तोडायचं झाड."

"काल सकाळी सगळ्यात आधी तेच पाडलं त्यांनी. मी पोचलो दुपारी."

म्हणजे जर्दाळू पेटीच्या तळाशी होतं आणि त्यावर सहा घनमीटर आयव्हीच्या वेली, प्रिव्हेटचं कुंपण, गुलाब.

मी पेटीच्या कडेला पाय लावला, तसा ड्रायव्हर ओरडला, "ओ बाई, उतरा! आत चढलात तर माझी नोकरी जाईल." त्याच्या खिशावर 'स्टाव्रोस' असं शिवलेलं होतं.

"मला कलमासाठी जर्दाळूची एकच फांदी हवीय. तुमच्यामागून डेपोवर आले तर?"

"तिथं रिकामी केली की सरळ भुगा करायच्या यंत्रात. बाहेरच्यांना आत घेत नाहीत. आणि तीनला फाटक बंद होतं."

पण तो गेला नाही. हातमोजे घालून त्याने पेटीच्या कडेवरून पत्र्यालगत खोल हात खुपसला, शिव्या देत ओढाताण केली आणि एक काटकी बाहेर काढली. "ही का?"

तीच होती. पानं कुस्करली की त्यांचा चुरा होत होता. तापलेल्या लोखंडाला चिकटून तिने दीड दिवस काढला होता. मी नखाने साल खरवडली. फांदी जिवंत असेल तर खाली हिरवं असायला हवं. तपकिरी होतं. मी वर खरवडलं, खाली खरवडलं.

"लागेल ना?" स्टाव्रोसने विचारलं.

"थँक्यू," मी म्हणाले.

ट्रक वळून गेला. रोवन म्हणाला, "आईला मी सांगतो." मी नको म्हटलं.

चार वाजता मी वृद्धाश्रमात पोहोचले. आई खिडकीपाशी बसली होती.

"भरलेस का डोळे?"

मी तिच्या चहात दूध घातलं.

"दोन वर्षांनी फळ धरेल म्हणालेलीस ना?" आई म्हणाली. "मग तेवढी थांबते मी."