शेवळ्याला येणारा हेमांगीचा वास

परसातल्या शेवळ्याला हेमांगीचा वास यायला लागला, तो सोमवार होता. रविवारपर्यंत त्या फुलाला मेलेल्या उंदराचा वास होता आणि त्यावर माश्या घोंगावत होत्या. सोमवारी एकही माशी फिरकली नाही. वेखंड, बाळंतशेपा, धुरीचा धूर आणि खांद्यावर सांडून किंचित आंबलेलं दूध, असा तो वास होता. विहिरीकडे जाताना आईने त्याला विचारलंसुद्धा, "बाहेर कशाला बसलीस गो? कानाला रुमाल तरी बांध." उत्तर आलं नाही तशी ती रागावून घरात आली आणि हेमांगीला खाटेवर पाहून थबकली.

"अगो, मग परसात कोण होतं?"

"शेवळं."

"धुरीची राख त्याच्यात टाकलीस की काय?"

"खत म्हणून," हेमांगी म्हणाली.

"बाळंतिणीची राख झाडाला घालतं का कुणी? हे शिकवलं वाटतं कॉलेजात!"

शेवळं भाजीसाठी कोवळंच काढायचं, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. हेमांगीनेच यंदा एक फुलू दिलं होतं. वनस्पतिशास्त्र शिकलेल्या माणसाला एवढी हौस असायचीच. पदरी मध नसलेलं फूल वासाच्या थापा मारून माशीला बोलावतं. ज्याची थाप पचते त्याला बी धरतं, ज्याची उघडी पडते त्याचा वंश बुडतो. अशा हजारो पिढ्या गेल्या की वास बिनचूक होतो. हे तिने परीक्षेत लिहिलं होतं, चांगले मार्कही पडले होते. या शेवळ्याने ते सगळं ठमीच्या एका झोपेत उरकलं होतं.

ठमी म्हणजे तिची मुलगी. बारसं व्हायचं होतं, तोवर घरात ठमीच म्हणत. बुधवारी ठमीने दूध सोडलं. छातीशी घेतलं की ती मान फिरवून परसाच्या दाराकडे तोंड उघडायची, आणि ओठ नुसतेच हवा चोखत राहायचे. दुपारनंतर तिची टाळू खोल गेलेली दिसली.

"उपट ते आधी," आई म्हणाली.

हेमांगी कुदळ घेऊन गेली. ती वाकली तेव्हा फुलाचा वास बदललेला होता. आता त्याला ठमीच्या टाळूचा वास होता: खोबरेल, झोप आणि मानेच्या घडीत साचलेलं दूध.

"काय चाललंय ते कळतंय मला," ती फुलाला म्हणाली. मग तिने जरासंच नाक आत घातलं. आत ऊब होती. डोकं बाहेर काढलं तेव्हा तिच्या कपाळावर पिवळी पूड होती. कुदळ तशीच कोरडी होती.

"उपटलंस?" आईने दारातून विचारलं.

"उपटते."

तिने घरात येऊन ठमीला उचललं आणि हुंगलं. ठमीला कसलाच वास नव्हता. घासून पालथ्या घातलेल्या पेल्याला नसतो तसा. काखेत एक वजन होतं आणि ते रडत होतं, एवढंच.

तेवढ्यात कुंपणापलीकडून, साठेकाकूंच्या परसातून, ठमीचा वास आला. त्यांच्याकडेही एक शेवळं राहून गेलं होतं आणि ते आत्ता उमललं होतं. पुढचं हेमांगीला पाठ होतं. एकदा फसलेली माशी फुलाच्या काही कामाची नसते. ती दुसऱ्यांदा फसावी लागते, अंगावरची पूड दुसऱ्या फुलात न्यावी लागते, तेव्हा कुठे बी धरतं. म्हणजे फक्त जायचं नाही, इतकं सोपं होतं. तिने ठमीला घट्ट धरलं, नाकावर ओढणी दाबली आणि अंगणाच्या कडेपर्यंत आली.

"कुठे निघालीस?" आईने विचारलं.

"ठमीला घेऊन येते."

"अगो, ती तुझ्या काखेत आहे! सकाळपासून उपाशी आहे पोर."

"हो," हेमांगी म्हणाली, आणि कुंपण ओलांडायला दोन्ही हात मोकळे हवेत म्हणून तिने ठमीला आईकडे दिलं.