बाभूळ जवळ येत होती

मायानं चहा तसाच ठेवून मोबाइलवरचे दोन फोटो आलटून पालटून पाहिले. एक पहिल्या दिवसाचा, एक आजचा. दोन्हींत टिटवीची तीच चार अंडी, मातीच्या रंगाची. मागची, शेताच्या कडेच्या धुऱ्यावरची बाभूळ मात्र बारा दिवसांत दुप्पट झाली होती. झाडं वाढतात हे विज्ञानाच्या बाईंना ठाऊक होतं. पण इतक्या घाईनं?

ती शिकवायची त्या अकोल्याच्या शाळेला सुटी लागताच ती मूर्तिजापूरजवळच्या माहेरी आली होती, ती या अंड्यांसाठीच. वावरात खुंटाला बांधलेला कॅमेरा दर दहा मिनिटांनी फोटो काढून मोबाइलवर पाठवायचा. अमरावतीच्या एका फोटो-प्रदर्शनासाठी तिनं यात जीव ओतला होता. अट एकच: घरट्याला माणसाचा हात लागलेला नसावा. म्हणून ती स्वतःही तिकडे फिरकत नव्हती. पण सोमवारी ट्रॅक्टर येणार होता, आणि अंडी ऐन वावराच्या मधोमध.

"चार अंड्यांसाठी वावर पडीक ठेवू का?" तिचे वडील पुंजाजी फटकन बोलले होते. तेव्हापासून बापलेकीत अबोला होता.

बाभूळ काही चालत येणार नाही. माया भर दुपारी धुऱ्याकडे निघाली आणि त्याच बाभळीआड जाऊन बसली.

थोड्या वेळानं पुंजाजी आले. घड्याळात बघत उभे राहिले. मग धुऱ्याच्या दिशेनं दोन पावलांवर मातीत खळगा केला आणि एकेक अंडं त्यात नेऊन ठेवू लागले. टिटवी डोक्यावर घिरट्या घालत कालवा करत होती.

"ओरडू नको बाई, तुह्याचसाठी करून राहिलो."

"बाबा!"

पुंजाजी दचकले. पण नजर घड्याळावरच.

"गुपचूप राय. पुढचा फोटो निघाले अजून चार मिनिटं हायेत. मंग रोजच्यासारका खुंटही सरकवतो. इतक्या दिवसांत मी एकाही फोटोत नाई आलो. कोनाले समजते?"

मायाला हसू आलं आणि डोळेही भरले. खरंच कुणाला समजलं नसतं. तिला गप्प राहायचा मोह झाला, चांगलाच झाला. जुन्या खळग्यात एक अंडं उरलं होतं. तिनं खुंटावरचा कॅमेरा सोडून हातात घेतला आणि गुडघ्यांवर बसली.

"उचला आता. हळूच."

"अवं, माहा हात येईन ना फोटोत!"

"येऊ द्या," माया म्हणाली आणि तिनं बटण दाबलं.