प्लॅस्टिकमधलं यंत्र

थायलंडमधल्या चियांग माईचे डोंगर पेटले की विलाईबाईंच्या वर्गात इतका धूर साचे, की पाल भिंत सोडून धुरावरूनच चालत जाई. आजही खिडक्या बंद होत्या, तरी पहिल्या बाकावरच्या चिमुकल्या केवताच्या छातीतून शिट्टी वाजत होती. बाईंना बसवेना. त्या तरातरा हेडमास्तरांच्या खोलीत गेल्या.

"सर, तुमच्या कोपऱ्यातलं हवा शुद्ध करायचं ते देणगीचं यंत्र वर्गात द्या."

"अहो बाई, देणगीदार पाहुणे येईपर्यंत त्याचं प्लॅस्टिक काढायचं नाही. खराब होईल ना!"

"आणि पोरीची छाती खराब झाली तर चालेल?"

दुपारी सर जेवून परतले, तर त्यांच्याच दाराशी इवल्या बुटांचा ढीग! आत यंत्र घरघरत होतं, जमिनीवर वर्ग भरला होता आणि त्यांच्या खुर्चीत केवता शांत झोपली होती.

"सर, दार लावा," बाई कुजबुजल्या, "धूर येतोय."