हातात धरून नेलेली सायकल

महेंद्रची सायकल मी. काळी, बावीस इंची, मागे रुंद कॅरिअरची. बालाघाटच्या बाजारात त्यानं मला घेतलं तेव्हा त्याच्या मिशा काळ्या होत्या, आणि तो कुठंही न थांबता आमच्या खाणीच्या गावापर्यंत, भरवेलीपर्यंत, पॅडल मारत आला होता. पुढं रोज खाणीवर जाणं-येणं. रविवारी बुद्धविहारात, तेव्हा कॅरिअरवर त्याची बायको आनंदी बसायची, मांडीवर फुलांची पिशवी घेऊन.

खाणीत तो ड्रिलवर होता. धूळ उडाली की तोंड मिटायचं, दम कोंडायचा आणि हातातलं काम उरकायचं, ही त्याच्या पिढीची सवय. पाळी सुटली की बिडी. निवृत्त झाल्यावर दोन पायऱ्या चढल्या तरी त्याला धाप लागू लागली. डॉक्टरांनी फुप्फुसांचा जुनाट आजार सांगितला. बिडी सुटली, पण सायकलही सुटली. मी ओसरीत उभी राहिले आणि तो खाटेवर.

जानेवारीत आनंदी गेली. त्यानंतर तो उठेनासाच झाला. घरच्यांनीही फार जपलं. सून रीना पाणी हातात द्यायची, ताट खाटेवर आणायची. "उठू नका बाबा, दम लागते." बसून बसून त्याचे पाय काड्यांसारखे झाले.

वर्षश्राद्ध आम्हा लोकांत नाही. पुण्यस्मरणाला विहारात वंदना होते. दिवस दोन महिन्यांवर आला तेव्हा रीना म्हणाली, "बाबा, वंदना मोबाइलवर लावू."

"तीस वर्सं विहारात वंदना मी म्हणलो अन् लोकायनं मागून म्हणलं. आता आनंदीसाठी मोबाइल म्हणंल काय?"

एवढं बोलतानाच तो तीनदा थांबला. त्रिशरणाची एक ओळही त्याच्या एका दमात मावत नव्हती.

बालाघाटच्या दवाखान्यात श्रुतिका नावाची मुलगी श्वासाचे व्यायाम शिकवते. तिनं त्याला चालायला सांगितलं, वॉकरही दाखवला. त्यानं तो परत केला. गल्लीत वॉकर घेऊन फिरायची त्याला लाज वाटली. दुसऱ्या दिवशी त्यानं माझ्यावरची धूळ पुसली, हँडल धरलं आणि मला ढकलत निघाला.

चहाच्या टपरीवर वसंता बसला होता, त्याचा खाणीतला जुना जोडीदार. "काय महेंद्रभाऊ, पंक्चर?"

"सायकल ठीक हाये. मीच पंक्चर आहो."

"मंग बस न मागं, मी ओढतो."

"तुले सोताची ढेरी ओढवत नाही."

रीनानं श्रुतिकाला हे सांगितलं. ती म्हणाली, सायकल घेऊन या. ऑटोच्या टपावर बांधून मला दवाखान्यात नेलं. आयुष्यात पहिल्यांदा मी स्वारी केली. अंगणात तो मला ढकलत चालला. हँडलवर वाकून चालल्यानं दम कमी लागतो, हे बरोबर आहे, असं ती म्हणाली. मग त्यानं मला सिमेंटच्या उतारावरून वर चढवायला घेतलं.

"थांबा. काका, दम काहून कोंडला?"

"जोर लावाचा होता ना."

"इथं धूळ हाये काय?"

त्यानं अंगणाकडे बघितलं. मग हसला. "नाही. सवय हाये."

"जोर लावताना सोडाचा. नाकानं घ्या दोन पावलं, अन् चार पावलं ओठांतून हळूहळू सोडा. गरम चहा फुंकता तसं."

चाळीस वर्षांची सवय एका दिवसात जात नाही. रोज सकाळी आम्ही निघायचो. त्याची मूठ माझ्यावर आवळली की मला कळायचं, यानं पुन्हा दम कोंडला. विहाराआधीच्या चढावर तर दर वेळी. तिथं तो कपाळ हँडलला टेकवून उभा राहायचा आणि मागं फिरायचा. सहा आठवडे तो चढ झाला नाही.

पुण्यस्मरणाच्या दिवशी रीना त्याला बसायला स्टूल घेऊन मागं चालत होती. चढ आला. मूठ आवळली. मग त्यानं ओठ पुढं केले आणि श्वास सोडला, लांब, अगदी शेवटपर्यंत. माझं चाक पुढं सरकलं. पुन्हा सोडला, पुन्हा सरकलं. स्टुलाची गरज पडली नाही.

मला त्यानं विहाराच्या खिडकीखाली टेकवलं. आत त्याचा आवाज लागला आणि पहिली ओळ मधेच तुटली. कुणी ती पुरी केली नाही. लोक थांबले. त्यानं श्वास सोडला, घेतला, उरलेली अर्धी म्हटली. मग सगळ्यांनी ती मागून म्हटली, त्याच्यासारखीच, मधे थांबून. सगळी वंदना तशीच झाली. शेवटी त्यानं आनंदीचं नाव घेतलं, आडनावासकट, एका दमात.

आजार आहे तिथं आहे. पण आम्ही आता दोन वेळ चालतो आणि तो बोलतो, पूर्ण वाक्यं. मला कुणी चालवत नाही. घंटी गेली, चेन गंजली, सीट फाटली. माझी तक्रार नाही. रीनाबाई, एकच सांगणं आहे. बाकी काही दुरुस्त केलं नाहीत तरी चालेल, माझे ब्रेक तेवढे बघत जा. चढावर तो मला ढकलतो. उतारावर त्याला मी धरते.