तुराटीच्या मापाची पांदन

"चाकोऱ्या दाखव, मी मुकाट्यानं ट्रॅक्टर माघारी नेतो," इंद्रभान पांदनीच्या मधोमध उभा राहून म्हणाला.

वंदनानं सायकल थांबवली. कॅरिअरवर वांग्यांची टोपली, हँडलला मेथीच्या जुड्या. दोन वावरांमधल्या त्या पांदनीत गुडघाभर गवत, आणि गवतातून तिच्याच सायकलीची एक वाट.

"हे काय हाय मंग, भाऊजी?"

"हे त रेघ झाली. बंडीले चाकं दोन असतात. सोयाबीन निघालं की मी इथं हरभरा पेरून राह्यलो."

"दसरा होऊ द्या आधी."

"होऊ दे ना. मी कुठं पयून चाललो?"

आमच्या गावचा हा कायदा कोणत्या पुस्तकात नाही, पण मोडायची कोणाची छाती नाही. दसऱ्याच्या सकाळी म्हातारी माणसं पांदनी फिरून पाहतात. जिथं बैलबंडीच्या दोन चाकोऱ्या दिसल्या ती पांदन, साऱ्या गावाची. दिसल्या नाहीत तर ते वावर, ज्याच्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला, लागून त्याचं. आता बंड्या मोडल्या, बैल बाजारात गेले, ट्रॅक्टर डांबरीनं पळतात. कायदा केला वाटसरूसाठी, आणि त्यावर ढेकर देतात मोठे वावरवाले. तेही मिशीला तूप लावून.

ही पांदन मेली की वंदनाचा भाजीचा मळा चारही बाजूंनी इंद्रभानच्या वावरात कोंडला जाणार. मग तो त्यालाच बटईनं, अर्ध्या वाट्यानं द्यायचा आणि आपल्याच मळ्यात मजुरीला जायचं. इंद्रभानला हरभरा नको होता, मळा पाहिजे होता. हे शेंबड्या पोरालाही कळत होतं, पण बोलत कोणी नव्हतं.

संध्याकाळी धाकटी जाऊ जयमाला भाकरी थापता थापता म्हणाली, "बाई, चाकं दोन पाह्यजेत ना? एक तुमची सायकल, एक माही."

"अन् मधात अंतर किती ठेवशीन?"

जयमाला उठली. गोठ्यात सासऱ्याची मोडकी बंडी पडली होती. तिच्या दोन चाकांत जेवढं अंतर, तेवढी तुराटी, तुरीची वाळकी काडी, तिनं मोडून आणली. "हे घ्या माप. एक टोक तुमच्या हातात, एक माह्या."

दुसऱ्या दिवसापासून दोघी निघाल्या. एक हात हँडलवर, एका हातात तुराटी. जाताना कॅरिअरवर शेणखताचं पोतं, येताना भाजी. पहिल्या दिवशी जयमाला सायकलीसकट कपाशीत गेली.

"मेली का वं?" वंदना हसू दाबत म्हणाली.

"मी नाई मेली, तुराटी मेली. दुसरी तोडा."

पण हळूहळू हात बसला. गवत दबलं, खालचा मुरूम उघडा पडला आणि चाकांखाली करकर वाजू लागला. सकाळचं ऊन कोवळं, समोर सातपुडा निळाशार, दोन्ही अंगाला कपाशीची पिवळी फुलं. तितराची जोडी भर्रकन उडायची आणि पुढं जाऊन पुन्हा पांदनीतच बसायची. उतार लागला की दोघी पायडल मारणं सोडून द्यायच्या. पदर फडफडायचा. लग्न झाल्यापासून असा वारा अंगाला लागला नव्हता, असं जयमाला म्हणायची.

शहरातली माणसं असल्या मुरमाच्या रस्त्यावर सायकल हाणायला दूरदूर जातात, टोप काय, चष्मा काय. त्याला शौक म्हणतात. आमच्या दोन बायांनी हाणली तर पारावरच्या रिकामटेकड्यांच्या पोटात दुखलं. "सर्कस पाहून घ्या, फुकट हाय," म्हणत दात काढायचे. त्यातल्या एकानंही पांदनीत पाय टाकला नाही.

दसऱ्याच्या सकाळी कडूबा काठी टेकत आला. सारी उमर बंडी हाकलेला म्हातारा, त्याचा शब्द शेवटचा. मागून गाव. इंद्रभाननं ट्रॅक्टर अगोदरच पांदनीत आणून उभा केला होता.

कडूबा वाकला. मळ्यापर्यंत दोन चाकोऱ्या गेल्या होत्या, घासलेल्या पितळेसारख्या लख्ख. त्यानं वंदनाची तुराटी मागितली, आडवी ठेवली. दोन्ही टोकं बरोबर चाकोऱ्यांवर.

इंद्रभान म्हणाला, "सायकलीच्या ह्या. बंडीले बैल असतात, आबाजी. खुरं कुठं हायेत?"

"नाल्यापाशी पाहा, भाऊजी," जयमाला म्हणाली. "तिथं चिखलात उतरून ढकलतो आमी. बैलावानीच उमटले हायेत पाय."

"चाराबी तेवढाच भेटते," वंदना म्हणाली.

बाया हसल्या. माणसं खाली पाहू लागली. कडूबा मात्र खरंच नाल्यापर्यंत गेला, चिखलातले पाय पाहून आला.

"चाक हाय, वझं हाय, वढनारंबी हाय," तो म्हणाला. "पांदन जित्ती हाय. ट्रॅक्टर काढ बे, इंद्रभान."

इंद्रभाननं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. दोन्ही बाजूंना त्याचीच कपाशी, बोंडांनी वाकलेली. "फिरवू कुठून?"

"फिरवतं काऊन? पांदनीनं सरळ जाय, पार मळ्यापावतर. तिथं वंदनाले इचार अन् फिरव."

औत वर उचलून इंद्रभान निघाला. मोठमोठी चाकं राहिलेलं गवत चेंगरत, मुरूम दाबत चाकोऱ्यांवरून चालली. मागं दोघी सायकलींवर. वंदनानं तुराटी धुऱ्यावर फेकून दिली आणि दोन्ही हातांनी हँडल धरलं.

"हळू चालवा, भाऊजी," जयमाला मागून म्हणाली. "चांगली दाबून दाबून. पुढच्या दसऱ्यालेबी चाकोरी दिसली पाह्यजे."