एकच खुर्ची सोनेरी

माझी बायको इनायत गेल्याचं हॉस्पिटलातून कळलं तेव्हा मी खुर्च्यांना गुलाबी रंगाचा दुसरा हात देत होतो. तिला फक्त तपासण्यांसाठी नेलं होतं. जाताना तिनं दारातून बजावलं होतं, "वगीह, त्या शेवटच्या खुर्चीला हात लावलास तर बघ. मी आल्यावर भांडू."

आमचं कामच भांडणातून व्हायचं. आम्ही दोघं मांडणीशिल्पं करायचो, कल्पना तिची, रंग माझे. माणसाच्या उंचीचे टोमॅटोचे डबे केले, चहाच न मिळणारं चहाचं दुकान मांडलं. कैरोतल्या लोकांनी आधी शिव्या दिल्या, मग फोटो काढून घेतले. नियम एकच होता. भांडणात हरेल त्यानं आधी सही करायची, जिंकलेल्यानं त्या सहीखाली. दोन्ही सह्या झाल्या की काम संपलं.

या वेळी खुर्च्या होत्या. आमच्याकडे लग्नाला आणि मयताला खुर्च्या भाड्यानं देणारा माणूस एकच, खुर्च्याही त्याच सोनेरी. लग्नात सरबत, मयतात बिनसाखरेची कॉफी, एवढाच फरक. इनायतनं त्याच्या जुन्या खुर्च्या विकत घेतल्या, मी त्या भडक गुलाबी केल्या. एक उरली. ती म्हणे, ही सोनेरीच राहू दे. मी म्हणे, लोकांना वाटेल रंग संपला.

दफन करून मी परतलो तर गल्लीत मांडव, कुराणपठण चालू आणि सगळे गुलाबी खुर्च्यांवर बसलेले. भाड्याच्या खुर्च्या त्या संध्याकाळी एका लग्नात गेल्या होत्या. खुर्चीवाल्याच्या माणसांना आमच्या स्टुडिओत मालकाच्याच जुन्या खुर्च्या दिसल्या, त्यांनी त्या उचलून मांडल्या. एका टुकटुक रिक्षावाल्यानं वाकून मला मुबारक म्हटलं आणि नवरदेव कोण ते विचारलं.

मेहुणी नाझिक दाराशीच उभी होती. "भाऊजी, ताईच्या मयतात तरी तमाशा नको होता."

"मी नाही मांडल्या."

"मग काय ताईनं मांडल्या?"

एक पठण संपलं की उठायचं, नव्या माणसाला जागा द्यायची, ही रीत. गुलाबी खुर्च्यांवरून लोक रीतीआधीच उठत होते, एकाचा तर कोट चिकटला. सोनेरी खुर्चीवर मात्र एक निवृत्त न्यायाधीश बसले ते उठेनातच. त्यांच्या मागे चार जण भिंतीला टेकून वाट बघत उभे. इतक्या खुर्च्या रिकाम्या, पण त्यांना तीच हवी होती.

आमची कामं विकणारा ताहिर कानाशी आला. "उस्ताद, हेच काम. पूर्ण झालं. सही तेवढी करून टाका."

"आणि तिची?"

"तिच्या सहीचा शिक्का करून घेऊ की."

मी त्याला कॉफी घे म्हटलं. त्यानं थोडी साखर मिळेल का विचारलं.

सकाळी खुर्च्या परत आल्या. सोनेरी खुर्ची उलटी करून मी ब्रश घेऊन बसलो. भांडण मी हरलो होतो, हे काल अख्ख्या गल्लीनं दाखवलं होतं. म्हणजे आधी सही माझी. पण ती केली की खालची जागा रिकामी दिसणार, आणि ताहिर शिक्का घेऊन येणार.

ब्रश वाळला. ताहिर रोज फोन करतो, मी उचलत नाही. त्या खुर्चीखाली माझी सही अजून व्हायची आहे.